दहाच्या आत

डाव्या बरगडीखाली जडपणा जाणवला त्याच आठवड्यात कृष्णाबाईने लेकीला, निधीला, सांगितलं, "मला दवाखान्यात घेऊन चल." वेसाव्याच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकणारी ही बाई ताप अंगावर काढायची, पण पाटी सोडायची नाही. हा जडपणा मात्र तिच्या ओळखीचा होता. सत्त्याऐंशी साली तिचा मोठा भाऊ हरेश्वर असाच पोट धरून होडीवरून उतरायचा. लग्नानंतर पोरगा अंगाने भरला, म्हणून आई खूश! खरं तर पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजली होती. रक्ताचा कॅन्सर. दोन वर्षांत तो गेला.

अंधेरीच्या डॉक्टर गंधालींनी तपासण्या केल्या. "मावशी, आजार तोच आहे. घराण्यातून येत नाही हा, योगायोगच म्हणायचा. पण आता रोजची गोळी आहे. रक्तात या आजाराची एक खूण सापडते, ती आपण मोजत राहू. तीन महिन्यांनी ती दहा टक्क्यांच्या आत आली, तर गोळी लागू पडली. मग पुढे बरीच वर्षं काढाल."

"आणि नाही आली तर?"

"तर औषध बदलू. घाबरायचं नाही."

तीन महिन्यांनी आकडा आला, दोन पॉइंट एक. निधी तिथेच रडायला लागली. कृष्णाबाईला मात्र आठवली शेवंती, हरेश्वरची बायको. शेजारच्याच गल्लीत राहायची, पण तिला आजाराचं काहीच सांगितलं नव्हतं.

दुपारी शेवंती वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. कृष्णाबाईनेही मूठभर उचलले आणि जबड्यात जबडा अडकवत एकेक जोडी टांगता टांगता सगळं सांगून टाकलं.

शेवंतीचे हात थांबले. "त्याच्या वेळी ही गोळी नव्हती?"

"नव्हती गो वहिनी. तो गेल्यावर दहा-बारा वर्षांनी आली."

"बारा वर्षं," शेवंती पुटपुटली. मग एकदम भडकली. "आणि तीन महिने मला बोलली नाहीस तू?"

"कुठल्या तोंडाने बोलू? तो गेला, आणि त्याच आजारातून मी वाचतेय."

शेवंतीने हातातली जोडी बांबूवर टांगली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "शेवटच्या वर्षी पोट दिसू नये म्हणून दोन-दोन शर्ट घालायचा. भर मे महिन्यात! विचारलं तर म्हणे, फॅशन आहे."

कृष्णाबाईला हे ठाऊकच नव्हतं. तिला हसू फुटलं, शेवंतीलाही, आणि हसता हसता दोघी रडल्या. इतकी वर्षं हरेश्वरचा विषय निघाला की त्याच्या मरणाशीच येऊन थांबायचा. त्या दिवशी तो पुन्हा पंचविशीचा झाला. इंजिनाचा आवाज तोंडाने काढणारा, बायकोने केलेलं कालवण खारट झालं तरी भांडं पुसून खाणारा.

"पुढच्या तपासणीला मी येणार," शेवंती म्हणाली. "त्याच्याबरोबर एकदाही गेले नाही. आधी पोटुशी होते, मग पोर अंगावर पीत होतं, तुझ्या आईने सोडलं नाही."

तीन महिन्यांनी दोघी गेल्या. आकडा शून्य पॉइंट चार आला. शेवंतीने डॉक्टरांना तो दोनदा विचारला आणि कागदावर मोठा लिहून घेतला. परतताना रिक्षात ती सांगत होती, लग्नानंतर हरेश्वरने तिला अंधेरीला सिनेमाला कसं नेलं, आणि सिनेमा राहिला बाजूला, तो तिलाच कसा बघत बसला. वेसावं आलं तरी तिची गोष्ट संपली नव्हती.