दहावा तुकडा

थर्माकोलचा पाव मी आयुष्यात पहिल्यांदा मिनलच्या फ्लॅटवर पाहिला. पांढराफटक, वरून तपकिरी ब्रश फिरवलेला, आणि पोटावर स्टिकर: 'खमीर'. बोटानं दाबला तर कर्र वाजला. माझे होते-नव्हते ते सगळे दात शिवशिवले.

"हे काय आहे गं?"

"पोरांसाठी काका. पेसाहची तयारी."

पेसाह म्हणजे आमच्या पूर्वजांनी मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, पळ काढला त्याची आठवण. घाईत निघाले, पीठ फुगेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. म्हणून त्या आठ दिवसांत आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू लोक, खमिराचं काही खात नाही, घरातही ठेवत नाही. सणाआधी दिवा घेऊन कानाकोपरा धुंडाळायचा, पावाचा कण दिसला की जाळायचा. अशी तीन-साडेतीन हजार वर्षांची गोष्ट, आणि तिचा पाव थर्माकोलचा.

मिनल चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिनं फाइल उघडली. प्रत्येक पान लॅमिनेट केलेलं. दहा ते सव्वादहा, प्लॅस्टिकचे बेडूक मोजणे. सव्वादहा ते साडेदहा, कापसाची मेंढी चिकटवणे. साडेदहा ते पावणेअकरा, मिसरच्या राजाला रंग भरणे. राजा डोळे मिचकावत हसत होता. ज्यानं आमची पोरं नदीत बुडवली, तो मेला माझ्याकडे बघून हसत होता.  मी पान उलटं ठेवलं.

"तुम्हाला आवडलं नाही," मिनल म्हणाली.

"मला कशाला आवडायला हवं? मी काय पाच वर्षांचा आहे? आणि पाच वर्षांचा असतो तर आणखीच आवडलं नसतं."

मग ती खरं बोलली. आमचं सिनेगॉग म्हणजे चिखलीत एका वर्कशॉपच्या डोक्यावरचा हॉल. पिंपरी, रहाटणी, देहूरोड, चाकण सगळं धरून चौदा घरं. चौदा घरांत आठ पोरं, आणि मिनलच्या रविवारच्या वर्गाला येतात तीन, तीही आईच्या धाकानं. आमचा सेक्रेटरी शेखर पेणकर, त्यानं मिनलला सांगून टाकलं होतं: येत्या रविवारी आठही पोरं बोलवा. ती आपणहून पुढच्या रविवारी येतो म्हणाली तर वर्ग चालू. नाहीतर वर्ग बंद आणि त्या जागेत मंडपाचं सामान.

"वर्ग गेला तर सोनूला शेमा कोण शिकवणार, काका?" मिनल म्हणाली. सोनू तिची सात वर्षांची मुलगी, आणि शेमा आमची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना. "मला स्वतःलाच अर्धी येते. अर्ध्यातली अर्धी ती शिकेल. पुढे काय?"

यावर कुणाला चेष्टा सुचणार? मी म्हणालो, "तुझे बेडूक राहू देत. शेवटचा तास मला दे. खऱ्या पावाचे दहा तुकडे लपवतो. पोरं शोधतील, नंतर गच्चीवर जाळू. रीतच आहे तशी."

"खरा पाव? हॉलमध्ये?"

"सणाला अजून अठरा दिवस आहेत."

"प्रत्येक तुकडा कागदात गुंडाळायचा, काका. आणि कुठं लपवला त्याची यादी करायची."

"यादी माझ्या डोक्यात असते," मी म्हणालो. चाळीस वर्षं मी कंपनीत फिटर होतो. अडीच हजार नटबोल्ट मला नावानं ओळखत होते.

रविवारी आठही पोरं आली. मिनलनं प्रत्येकाच्या आईला तीन-तीन फोन केले होते. बेडकांना सुरुवात झाली. अकरा वर्षांचा आयुष पहिल्याच मिनिटाला म्हणाला, "मिनलताई, हे आम्ही केजीत केलंय." दोन पोरांनी मेंढीऐवजी एकमेकांना कापूस चिकटवला. एकानं फेविकॉल बोटावर वाळवून सोलला आणि खाल्ला. मी बघत होतो. सावकाश, चवीनं खाल्ला. हसऱ्या राजाला सोनूनं हिरवा रंग दिला आणि ती जांभई देत पालथी झोपली. दारापाशी शेखर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसला होता. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचा आणि मिनलकडे असं बघायचा, की मला त्याचीही शिसारी आली.

मग मी उठलो. खिडक्यांचे पडदे ओढले. पोरांच्या हाती एक मेणबत्ती, एक लाकडी चमचा आणि कोंबडीचं एक पीस दिलं. चमच्यात कण गोळा करायचा, पिसानं ढकलायचा, हात लावायचा नाही.

"दहा तुकडे आहेत," मी म्हणालो. "एक जरी राहिला तरी काय होतं ते माहीत आहे का? आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये एकदा पिठात खमीर जास्त पडलं. पीठ जे फुगायला लागलं ते थांबेना. सकाळी पहिली शिफ्ट आली तर वॉचमन खुर्चीसकट दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी पोचलेला. तिथूनच सगळ्यांचे गेटपास तपासत होता."

"मग खाली कसा आला?" आयुषनं विचारलं.

"आठ दिवस सगळ्या पिंपरीनं पाव खाल्ला, तेव्हा हळूहळू खाली आला."

"थापा," आयुष म्हणाला, पण मेणबत्ती त्यानंच आधी उचलली.

पहिला तुकडा बाकाखाली सापडला. त्याच्या शेजारी च्युइंगमचे सतरा गोळे चिकटलेले. सोनूनं मोजले. बाकाच्या वरच्या बाजूला बसून आम्ही मोठी माणसं डोळे मिटून देवाची स्तुती करतो, आणि खालच्या बाजूला ही आमची भक्ती. दुसरा तुकडा प्रार्थनेच्या टोप्यांच्या खोक्यात होता. ते खोकं उघडलं तर चौदा घरांच्या केसांतलं तेल, घाम आणि कोंडा यांचा असा उबट भपकारा आला की मेणबत्ती विझली. तिसरा पंख्याच्या रेग्युलेटरवर, तिथं मेलेली पाल. चौथा प्रार्थनेच्या पुस्तकांमागे, तिथं कुणाची तरी दाढांची कवळी.

"ही कुणाची?" सोनूनं चमच्यात धरून विचारलं.

 शेखरचे वडील वर्षभर सुपारी का खात नव्हते, ते मला तेव्हा कळलं. मी तोंडावर रुमाल धरून उभा होतो.  आणि पोरं? पोरं चेकाळली होती. "ई, इकडे बघ," "ई, माझ्याकडे झुरळाची अंडी आहेत." जांभया गेल्या, कापूस गेला. आठ पोरं आठ दिशांना पोटावर सरपटत होती, आणि एकेका घाणीसाठी भांडत होती.

नऊ तुकडे झाले.

"दहावा कुठंय, आजोबा?"

मी डोक्यातली यादी उघडली. नऊपर्यंत स्वच्छ. दहाव्या जागी कोरं.

"शोधा की. मी सांगितलं तर शोध कसला?"

पुन्हा हॉल उलथापालथा झाला. पायपुसण्याखाली, तेलाच्या दिव्याच्या ताटाखाली, मोरीत. तुकडा नाही. पंधरा मिनिटं झाली. शेखर उठून आला.

"काका, कुठं ठेवलाय ते सांगा."

"घूस घेऊन गेली असेल. इथली घूस मोठी आहे. वर्कशॉपमध्ये तिचं पंचिंग कार्ड आहे."

"थट्टा नको. उद्यापासून तुमच्या वहिनी, तानुबाई, सणासाठी हॉल धुणार. मग इथं पावाचा कणही चालणार नाही. आणि तुम्ही आख्खा तुकडा हरवलात." तो मिनलकडे वळला. "ही तुझी ॲक्टिव्हिटी. मी म्हणतच होतो."

 मिनलनं थर्माकोलचा पाव पिशवीत टाकला. तो आत कर्र वाजला.

आयुष म्हणाला, "मोठ्या कपाटामागे कुणी बघितलंच नाही."

तोराचं, म्हणजे आमच्या पवित्र ग्रंथाचं नव्हे, त्याच्या बाजूचं, ताटवाट्यांचं कपाट. शेखर, मिनल, मी आणि आठ पोरं, सगळ्यांनी मिळून ते एक वीत पुढे ओढलं. मागं कोळ्याची जाळी, जाळ्यात माश्या, आणि जाळ्यांच्या आड एक प्लॅस्टिकची बरणी. पोट सुटलेली. झाकण घुमटासारखं वर आलेलं. आत काळं काहीतरी, त्यावर राखाडी साय, सायीवर केस उगवलेले.

तानुबाई म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, वय एक्याऐंशी. त्या चहाच्या खोलीतून आल्या आणि पदर नाकाला लावून म्हणाल्या, "अगंबाई. त्या तर माझ्या मनुका."

शुक्रवारच्या आशीर्वादाला आमच्याकडे वाइन नसते. काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या, त्याचं सरबत. ऑक्टोबरच्या सणाला वहिनींनी दोन बरण्या भिजवल्या होत्या. एक गाळली. दुसरी मार्चपर्यंत तिथंच तप करत बसली.

"उघडू नका," मी म्हणालो.

"उघडायला काय, विंचू आहे?" शेखर म्हणाला आणि झाकण फिरवलं.

बंदुकीसारखा आवाज झाला. झाकण छताला लागलं. काळा फेस उसळला तो थेट शेखरच्या छातीवर, कॉलरमधून आत, शर्टातून खाली. एक बुळबुळीत मनुका त्याच्या भुवईवरून नाकाच्या शेंड्यापर्यंत घसरत आली आणि तिथं लोंबत राहिली. वास काय सांगू. सडकी फळं, ओले मोजे, जुलाबाचं औषध आणि कुणाच्या तरी लग्नातली शिळी दारू, एकाच भांड्यात शिजवल्यासारखा. खालच्या वर्कशॉपमधला प्रेस बंद पडला आणि कामगार जिन्यात येऊन गॅस लीक झालाय का विचारून गेले. मी खिडकीशी जाऊन सकाळचं सगळं परत करायच्या बेतात होतो.

सोनू मात्र बरणीत डोकावत होती. "हे फुगलं," ती म्हणाली. "पाव पण फुगतो. मग हे पण खमीर ना?"

"नाही गं," तानुबाई म्हणाल्या. "मनुकांचं चालतं. त्याची वाइन होते."

"का चालतं?" आयुष. "पाव फुगला तर जाळायचा आणि हे फुगलं तर देवाला?"

"धान्य वेगळं, फळ वेगळं," शेखर नाक पुसत म्हणाला.

"मग तांदूळ? इडली फुगते."

"तांदूळ आपण खातो पेसाहला."

"पण इडली नाही खात," तानुबाई म्हणाल्या. "माझी सासू तर आंबवणाच्या मडक्यावरसुद्धा आठ दिवस झाकण घालायची. कोकणात या सणाचं नावच होतं, आनाशी ढाकायचा सण. आनाशी म्हणजे ते आंबटाचं मडकं."

"मग बघा," आयुष म्हणाला. "आंबट पण बंद होतं. मग मनुका बंद का नाहीत?"

"ते खेड्यातलं होतं, पुस्तकातलं नाही," शेखर.

"अहो शेखरराव, पुस्तक येण्याआधी सतराशे वर्षं माझ्या सासूच्याच सासवांनी हा सण सांभाळला," तानुबाई म्हणाल्या.

झालं. दोघं जुंपले. फेसानं माखलेला शेखर पुस्तक काढून पानं उलटतोय, पानांवर काळे ठिपके पडतायत. पोरं त्याच्याभोवती नाकं दाबून कोंडाळं करून, "हे वाचा," "ते काय लिहिलंय," "हे अक्षर कसं वाचायचं." मिनल सोनूला एकेक अक्षर बोटानं दाखवत होती. लॅमिनेटची फाइल बरणीखाली अंथरली होती, गळती धरायला. हसरा राजा काळ्या पाण्यात बुडाला होता.

आणि तिथं, खिडकीशी, उलटी गिळता गिळता मला आठवलं.

सकाळी नऊ तुकडे लपवून मी वहिनींच्या चहाला बसलो होतो. दहावा बशीजवळ होता. कागद काढला, चहात बुडवला आणि खाल्ला. मऊ होता.

मान वळवली तर वहिनी माझ्याकडेच बघत होत्या. "भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "सकाळी चहाबरोबर काय हो खाल्लंत?"

"गप्प बसा वहिनी."

शेखरनं पुस्तक मिटलं. शर्टाकडे बघून त्यानं तोंड वाकडं केलं, आणि शब्दाला जागून पोरांना विचारलं, "बोला. पुढच्या रविवारी कोण कोण येणार?"

मिनलचा हात सोनूच्या खांद्यावर थांबला.

"येणारच ना," आयुष म्हणाला. "दहावा कुठं मिळालाय?"

आठही हात वर गेले. एका हातात कवळी होती.

शेखर माझ्याकडे वळला. "काका, शेवटचं विचारतो. तुकडा याच हॉलमध्ये आहे ना?"

पवित्र जागा. समोर तोराचं कपाट, वर दिवा, शेजारी मिनल श्वास रोखून. खरं सांगावं तर शोध इथंच संपत होता. मी छातीवर हात ठेवला, मग तो जरा खाली, पोटावर आणला.

"आत्ता या क्षणी," मी म्हणालो, "इथंच आहे."

वहिनींना ठसका लागला.

पुढच्या रविवारी पोरं अकरा आली. तिघं शेजारची, घाण बघायला मिळते म्हणून. आधी अर्धा तास मिनलनं शेमा घेतली. पोरांनी ती घाईघाईनं, पण आख्खी म्हटली. मग आयुषनं कामं वाटली. मला संडासाची टाकी आली. गुडघ्यावर बसलो, कोपरापर्यंत हात घातला. आत काय काय लागलं ते मी लिहिणार नाही. मागून सोनू मेणबत्ती धरून म्हणत होती, "अजून आत, आजोबा. तिथं नीट बघितलंच नाही कुणी."