अख्खी शिंगं

ऑगस्टाचं बूड सकाळपासून खुर्चीला टेकलं नव्हतं. स्टोव्हवर चहा आटून काळा झाला, तरी ती आपली दार ते नदीकाठ, नदीकाठ ते दार. मूसच्या, त्या घोड्याएवढ्या रानहरणाच्या, शिकारीचा हंगाम उद्या मावळतीला संपणार, आणि शनिवारी तिच्या भावाच्या आठवणीचं गावजेवण. गुडघे गेल्यापासून तिला रान बंद झालं होतं. म्हणून राज्याच्या नियमाप्रमाणं तिनं आपला परवाना नातजावयाच्या, डेलच्या, हाती दिला होता. त्या नियमाला एक मेख होती. म्हाताऱ्या माणसाच्या परवान्यावर नर पाडला, तर शिंगं जागच्या जागी करवतून टाकायची. मारलंय दुसऱ्याच्या पोटासाठी, आपल्या भिंतीसाठी नव्हे.

बोटीचा आवाज आला. आधी वळणावर बोट दिसली, मग तिच्या नाकाडावर शिंगं. खाटेएवढी, अख्खी.

तिला काय ते कळलं. डेलनं स्वतःचा परवाना लावला होता.

"आजी, मटण सगळं तुमचंच," तो उतरता उतरता म्हणाला. "मी नुसती शिंगं नेतो शहरात, फेअरबँक्सला. असला नर जन्मात एकदा दिसतो."

"म्हणजे तू मला मटण देणार, आणि ते मी माझ्या भावाच्या नावानं लोकांना वाढणार."

"काय फरक पडतो?"

"तुला कशाला पडेल? तू आयत्या ताटावर बसणारा."

शेजारची बर्था पातेलं घेऊन आलीच. मागून आणखी बायका. वाटे घालायचं काम ऑगस्टाचं. नाकाचा तुकडा कुणाला, छातीचा कुणाला, सगळं तिला पाठ. आज ती हाताची घडी घालून उभी राहिली. बोटं नुसती शिवशिवत होती.

"घाल ना वाटे, जावईबापू. शिकार तुझी."

डेलनं गोंधळून मागची तंगडी बर्थापुढं धरली.

"मला दात कुठायत रे," बर्था म्हणाली. "त्यापेक्षा ती शिंगं उकड. मऊ तरी होतील."

बायका फिदीफिदी हसल्या. ऑगस्टाचं लक्ष नदीकडं होतं. उजेड अजून बराच होता.

ती घरात गेली. बाहेर आली ती पायात रबरी बूट, खांद्याला भावाची बंदूक, हातात करवत.

"मटण झाकून ठेवा गं. जावयाचं असलं तरी वाया घालवू नका. आणि तू, ती शिंगं उतरव. माझ्या बसायच्या जागेवर आहेत."

"आजी, तुमचे गुडघे..."

"गुडघे तुझ्याकडं मागितले का मी? परवाना दे इकडं."

त्यानं खिशातून काढून दिला. मग शिंगं काठावर ठेवली आणि तिला हात धरून बोटीत घेतलं.

"कुठं निघालीस?" बर्थानं विचारलं.

"पाणी बघून येते."

त्या गावात शिकारीला निघालेलं माणूस शिकारीचं नाव कधी तोंडानं काढत नाही; रानातल्या जनावराला ते ऐकू जातं.

"पाणी बघायला करवत लागते वाटतं?"

"हळू बोल," ऑगस्टा म्हणाली. "माझा तो बहिरा नाहीय."