भोचकची हमी

नमस्कार मंडळी. मी भोचक बोलतोय, पोलिसांच्या श्वानपथकातला. दचकू नका, मी चावत नाही. चावणारे आमच्याकडे वेगळे असतात. त्यांचा आवाज मोठा आणि डोकं बेताचं. माझं खातं वासाचं. तुमच्या पिशवीत काय आहे ते मला लांबूनच कळतं, आणि ते मी तुमच्या घरी जाऊन सांगत नाही, एवढा विश्वास ठेवा.

नाव असं का, तेही सांगतो. डोळे उघडायच्या आधीपासून मला जिथे तिथे नाक खुपसायची खोड. काकू म्हणाल्या, "काय मेलं भोचक आहे!" झालं, तेच नाव चिकटलं. पोलिसांच्या दप्तरी काहीतरी रुबाबदार नाव लावलंय म्हणतात, पण त्या नावाने मला अजून कोणी हाक मारलेली नाही.

माझा जन्म सरकारी नव्हे, खाजगी. शेठच्या गोदामात, दाण्याच्या पोत्यांमागे. शेठ म्हणजे आमचे मालक आणि काकू म्हणजे त्यांची बायको. शेठना शाळा मानवली नाही, बाजार मानवला. आधी ते पाखरांचा दाणा विकायचे, मग कुत्र्यांचं खाणं विकायला लागले. मग एके दिवशी म्हणाले, "खाणं आपलं, तर खाणारा परका कशाला?" असे आम्ही आलो. त्यांच्या गादीपाशी लोळत वाढलो, म्हणून माझ्या तोंडी जरा दुकानाची भाषा येते. सांभाळून घ्या.

पोलिसांशी त्यांचं कसं जमलं हा किस्सा ते आल्यागेल्याला ऐकवायचे. श्वानपथकाला कुत्रे पुरत नव्हते. न्यायालयात हवे, इस्पितळात हवे, स्टेशनात हवे, आणि पथकातली पिल्लं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शेठ सरळ पथकाच्या साहेबांसमोर जाऊन बसले.

"साहेब, कुत्रे वाढवणं, शिकवणं माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त कामाला लावा."

साहेब म्हणाले, "आज कुत्रे पुरवताय. उद्या म्हणाल, चोरही मीच पुरवतो."

"छे हो साहेब," शेठ म्हणाले, "त्या मालाला उठाव आहे, पण त्याची हमी देता येत नाही."

साहेब हसले आणि करार झाला. व्यवहारात समोरचा एकदा हसला की निम्मं काम होतं, असं शेठ म्हणत. उरलेल्या निम्म्याचं काय, हे त्यांना पुढे माझ्यामुळे कळलं.

शिकवायला त्यांनी उस्तादांना ठेवलं. उस्तादांनी अख्खी नोकरी श्वानपथकात काढलेली, निवृत्तीनंतर घरी बसून बायकोला शिस्त लावायला गेले, तर तिनेच त्यांना शेठकडे पाठवलं म्हणे. माणूस कडक, पण खिशात कायम माझा चेंडू. त्या चेंडूसाठी मी आगीतही उडी मारली असती.

शिकवणी अशी. अंगणात पत्र्याचे डबे ओळीने मांडायचे. एका डब्यात स्फोटकाचा नमुना, पथकाने मोहोर लावून दिलेला. बाकीच्यांत चिंध्या, खडे, साबण. मी वास घेत जायचं, खऱ्या डब्यापाशी गप्प बसायचं. भुंकायचं नाही, ओरबाडायचं नाही. बसलो की चेंडू. उस्ताद नमुना हाताळताना रबरी हातमोजे घालत, कारण माणसाच्या हाताचा वास लागला की माल बिघडतो. बाकीचे डबे मात्र ते नुसत्या हाताने भरत. चिंध्यांना कोण मोजे घालतं? एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी भराभर शिकलो. डबा चुकायचाच नाही. पथकातून साहेब परीक्षा बघायला आले, तेव्हा उस्तादांनी डबे मांडले, मी बसलो, पुन्हा मांडले, पुन्हा बसलो. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी सगळ्यांना चहा दिला. माझ्याआधी शेठच्या अंगणातून चार भावंडं अशीच पास होऊन वेगवेगळ्या ठिकाणी रुजू झाली होती. पाचवा मी.

माझा पट्टा आला ताईंच्या हातात. ताई म्हणजे पथकातल्या शिपाई. आधी त्या टेबलावर बसून तक्रारी लिहून घ्यायच्या. कुत्र्याबरोबर काम मिळावं म्हणून त्यांनी अर्ज करकरून साहेबांना जेरीस आणलं होतं. पथकातल्या जुन्या हवालदारांना ते काही रुचलं नव्हतं.

"बाजारातला कुत्रा आणि टेबलावरची बाई," ते मिशीत हसत म्हणाले. "चांगली जोडी जमवलीत, साहेब!"

ताई म्हणाल्या, "काका, तुमची आणि तुमच्या कुत्र्याची जोडी तर झोपेत जमलीय. दोघंही दुपारी घोरता." तिथेच मला कळलं, बाई आपली आहे.

पहिलीच नेमणूक इस्पितळात. दालनातून चाललो होतो, आणि एकदम नाकात तो वास भरला. आहाहा! चेंडू मिळवून देणारा वास! मी एका नर्सबाईंसमोर जाऊन ऐटीत बसलो.

मी बसलो की सगळे थांबतात, तसा नियमच आहे. मजला रिकामा झाला, चाकाच्या खुर्च्या धावल्या, एक आजोबा सलाइनच्या बाटलीसह जिना उतरले. शेवटी नर्सबाईंच्या खिशातून निघाले काय? रबरी हातमोजे.

ताईंनी चेंडू दिला नाही. मी चक्रावलो. ठरलेला माल पोचवला आणि गिऱ्हाईक पावती देईना!

पुढच्या आठवड्यात मी एका उपाहारगृहातल्या आचाऱ्यासमोर बसलो. तो मोजे घालून कणीक मळत होता. त्यानंतर केस रंगवणाऱ्या न्हाव्यासमोर बसलो. त्याचं गिऱ्हाईक अर्धं डोकं काळं आणि अर्धं पांढरं घेऊन रस्त्यावर पळालं. पथकात हशा पिकला. हवालदार म्हणाले, "याला स्फोटकं नकोत, याला धुणीभांडी करायचीत!"

साहेब हसले नाहीत. "बाई, आता आणखी एकदा असं झालं तर कुत्रा शेठला परत, तुम्ही टेबलावर परत आणि करार बंद. लोकांना उगाच पळवायला मी पथक चालवत नाही."

त्या दिवशी ताई माझ्याजवळ फरशीवर बसल्या. खिशातून एक रबरी मोजा काढला आणि माझ्यापुढे टाकला. मी लगेच बसलो, शेपूट हलवत. त्यांनी कपाळावर हात मारला आणि मला घेऊन थेट शेठचं अंगण गाठलं.

उस्ताद भडकले. "मला शिकवता? माझ्या हाताखालून किती कुत्रे गेले!"

"उस्ताद, तुमच्या हाताबद्दल नाही म्हणत मी," ताई म्हणाल्या, "मोज्याबद्दल म्हणतेय."

शेठनी दोघांनाही थांबवलं. "भांडून मालाची प्रत कळत नाही. डबे मांडा."

या वेळी उस्तादांनी नमुना मोज्याने उचलला नाही, नव्याकोऱ्या लाकडी चिमट्याने उचलून एका डब्यात ठेवला. शेजारच्या डब्यात ताईंनी नुसता मोजा टाकला. मला सोडलं.

मी खऱ्या डब्यावरून सरळ पुढे गेलो. थांबलोसुद्धा नाही. मोज्यापाशी जाऊन बसलो आणि चेंडूची वाट बघत सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

काकू ओट्यावरून उठून खाली आल्या. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "न्हाव्यासमोर बसला ते राहू द्या. हा खऱ्या डब्यावरून पुढे गेला की हो."

उस्ताद मटकन बाजेवर बसले.

माझ्या बाजूने एवढंच सांगतो, मी व्यवहाराला धरून वागलो होतो. डब्यात दोन वास असायचे, मोज्याचा ठसठशीत आणि दुसरा बारीक. चेंडू दोन्हीला मिळायचा. ठसठशीत सोडून बारकाच्या मागे कोण जाईल? तुम्ही जाता का?

मग उस्ताद म्हणाले, "शेठ, याला मी पुन्हा शिकवतो. गुपचूप. बाकीच्या चौघांची काही तक्रार नाही."

"तक्रार नाही, त्याचीच भीती वाटते," शेठ म्हणाले. "हा बसला म्हणून लोक ओरडले. ते चौघं न बसता कशाकशावरून पुढे गेलेत, हे ओरडून सांगणार कोण?"

"करार जाईल, शेठ. नाव जाईल."

शेठनी एक जुनी गोष्ट काढली, त्यांची सवयच ती. दाण्याचं दुकान होतं तेव्हा एका पोत्याला बुरशी लागलेली निघाली. तोवर निम्मा दाणा विकला गेला होता. शेठ दारोदार गेले, पुड्या परत घेतल्या. एका घरात पोपट ओरडला, "चोर आला, चोर आला!" शेठ म्हणाले, "पोपटाचं मनावर घेतलं नाही. पण त्या घरातली आजी पुढे मरेपर्यंत माझ्याकडेच दाणा घेत होती. चला, टोपी द्या माझी."

साहेबांसमोर शेठ, उस्ताद, ताई आणि मी. शेठनी काही न लपवता सगळं सांगितलं. "पाचही कुत्रे आजच कामावरून उतरवा. शिकवण्यात खोट आहे. खोट माझ्या अंगणातली आहे."

साहेबांचा चेहरा तापला. "तुम्हाला कळतंय का काय बोलताय? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय!"

"धोंडा माझाच आहे साहेब, दुसऱ्याच्या पायावर कसा मारू?"

साहेब उठून खिडकीपाशी गेले. आम्ही उभेच. मी मात्र टेबलाखालचा कचऱ्याचा डबा हुंगून घेतला. संकट आपल्या जागी, काम आपल्या जागी. साहेब वळले आणि आधी फोन उचलून चारही कुत्रे कामावरून उतरवायला सांगितलं. मग म्हणाले, "उस्ताद, परीक्षा कोणी घेतली होती?"

"मीच, साहेब."

"डबे कोणाचे?"

"आमचेच."

"आणि आम्ही काय केलं? टाळ्या वाजवल्या, चहा प्यायलो आणि आलो." साहेब खुर्चीत बसले. "शेठ, माल तुम्ही द्यायचा, पण तोलायचा आम्ही. तराजूही तुमच्याच हातात देऊन मोकळे झालो, ही खोट आमची. शिकवा पुन्हा. या वेळी परीक्षा आमची, डबे आमचे. हा भोचक पास झाला तर करार राहील. नाही झाला तर राम राम."

ताईंची मूठ माझ्या पट्ट्यावर घट्ट झाली, ती मला मानेपाशी कळली.

मग सुरू झाली नवी शिकवणी. आता प्रत्येक डब्याला मोज्याचा वास. मोजा दोन्हीकडे सारखाच, तर त्याचं मोल काय उरलं? बाजारात सगळ्यांकडे असलेली वस्तू कोणी विकत घेत नाही. हळूहळू मी दुसऱ्या वासाकडे वळलो, त्या बारीक, तिखट, धातूसारख्या. उस्ताद नमुना कधी चिमट्याने ठेवत, कधी काकूंना ठेवायला लावत, कधी दुसऱ्यांकडून ठेववून स्वतः घरात जाऊन बसत. एवढ्यासाठी, की मी त्यांचा श्वास ओळखायचो. खरा डबा आला की त्यांचा श्वास थांबायचा, आणि ते त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

परीक्षेला पथकाने एक जुनी बस उभी केली. नमुना लपवला हवालदारांनी, आणि लपवून ते लांब गेले. कुठे आहे ते बसपाशी कोणालाच ठाऊक नव्हतं. ताईंनाही नाही.

मी चढलो. दुसऱ्या बाकाखाली मोजा होता. मंडळी, खोटं कशाला बोलू, पाय अडले. जुनी ओळख. मागचे गुडघे वाकायला लागले होते. खाली काकूंनी पदर तोंडात धरला. ताई एक शब्द बोलल्या नाहीत, पट्टाही ओढला नाही. ओढला असता तर ती परीक्षा त्यांची झाली असती.

मी नाक वळवलं. पुढे गेलो. चालकाच्या आसनामागे, पत्र्याच्या फटीत, तो बारीक वास होता. मी बसलो.

सगळे थांबले. हवालदार लांबून ओरडले, "बसला रे बसला! बाजारातला बसला!" आणि ताईंनी चेंडू असा फेकला की तो बसच्या खिडकीतून बाहेर गेला आणि साहेबांच्या टोपीवर आपटला.

माझी चारही भावंडं पुन्हा शिकली. तिघं परत रुजू झाली. एका बहिणीला वासापेक्षा झोप प्रिय निघाली. ती शेठच्या गादीपाशी असते, गिऱ्हाइकांना आवडते. शेठ आणि पथकाचं काम अजून जोडीने चालतं. वाढवायचं, शिकवायचं शेठनी, तोलायचं पथकाने. चहा मात्र अजून काकूंचाच.

आता माझ्या मिशा पांढऱ्या झाल्यात. त्याच इस्पितळात रोज फेरी असते. त्या नर्सबाई मला बघून मोजा हवेत हलवतात, "काय रे, बसतोस का?" मी मान फिरवून पुढे जातो. आतून थोडी गुदगुली होते, नाही असं नाही.

लोकांना वाटतं, बसणं हे माझं काम. तसं नाही हो. बसमधल्या त्या परीक्षेनंतर इतक्या वर्षांत मला खऱ्या कामावर एकदाही बसावं लागलं नाही. माझा खरा माल म्हणजे मी न बसता पुढे जातो तो. त्याच मालात पूर्वी खोट होती, आणि ती कोणाला दिसत नव्हती.

तर एक विनंती. मी जवळ आलो की पिशवी ओढून घेऊ नका, बिस्किटं पुढे करू नका. मला दोन क्षण द्या. मी बसलो, तर हातातलं सगळं टाकून ताई सांगतील तिकडे चला. आणि मी पुढे गेलो, तर तुम्हीही पुढे जा, आपापल्या कामाला, आपल्या माणसाच्या खाटेपाशी. मागे वळून बघायची गरज नाही. तेवढं मी तोलून बघितलंय.