चिपबाबांचा खेकडा

भुकूमच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर चिपबाबा, हातात काचेची पट्टी, पट्टीला नळी आणि नळीच्या टोकाला पितळी पातेलं. आजाऱ्याच्या रक्ताचा थेंब पट्टीवर पडला, की "कर्का, भायेर ये!" अशी डरकाळी फुटायची आणि पातेल्यातून चक्क जिवंत खेकडा वर यायचा. टाळ्यांनी छप्पर उडायचंच काय ते बाकी!

पुढच्या रांगेत गौतमी दातओठ खात होती. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती अशाच काचपट्ट्यांवर काम करायची. "आमची चिप रक्तातला कर्क पकडते," असं तिनं घरी कौतुकानं सांगितलं, ते फिरत फिरत बाबांपर्यंत पोचलं. कर्करोगातला कर्क म्हणजे खेकडा, एवढं त्यांना पुरलं. आता तिची आई सगुणाबाई छातीत गाठ घेऊन अडून बसल्या होत्या. "सोमवारी दवाखाना न्हाई. खेकडा निघाला की मी मोकळी." गौतमीला अगदी रडू यायचं.

"बाबा, आईचं रक्त मीच आणलंय," म्हणत तिनं मंचावर जाऊन लाल कुपी पुढे केली.

बाबांनी कुपी हुंगली. "लई जुना कर्क! इंग्रजांच्या काळातला!" मुठीएवढा खेकडा नांग्या उगारत वर आला. सगुणाबाईंनी हात जोडले.

"बाबा, तो बीटाचा रस होता."

मागून कुणीतरी विचारलं, "म्हंजी बीटालापन क्यान्सर?"

"शाकाहारी कर्क!" बाबा घाईनं म्हणाले. "त्यो तर लईच वंगाळ!"

तोवर गौतमीनं पातेलं पालथं केलं. आत चोरकप्पा, त्याच्या झाकणाला दोरी आणि दोरी बाबांच्या पायाच्या अंगठ्याला. उरलेले खेकडे सुटले आणि एकानं तोच अंगठा धरला. ती डरकाळी मात्र खरी होती.

"आई, खऱ्या चिपमधी केसासारख्या बारीक वाटा असत्यात. रक्त पुढं जातं, क्यान्सरच्या पेशी अडकत्यात, मंग डॉक्टरला रोग कळतो. पकडणं म्हंजी बरं करणं न्हाई. आन तेपन आमी अजून तपासतोय. तुझी गाठ डॉक्टरनंच बघाया पायजे."

सगुणाबाई रिकाम्या पातेल्याकडे बघत राहिल्या. "म्हंजी माझा आतच हाय."

"हाय का न्हाई, तेच तर बघायचंय, आई."

सगुणाबाईंनी पदर खोचला, पळता खेकडा पाठीवरून धरून पिशवीत टाकला आणि बायकांकडे वळल्या. "ऐका गं. गाठ लागली तर लपवू नका, असल्या बाबाकडं जाऊ नका. मी सोमवारी दवाखान्यात चाललेय. खेकडा रश्श्यातच बरा!"

हसण्याच्या गलक्यात शेजारच्या तुळजाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "सगुणे, सोमवारी गाडीत माझ्यापुरती जागा हाय का?"