जावयाच्या पंजात हत्ती

बंडूनं भंगाराच्या लॉटमधून ती वस्तू आणली त्या दिवशी इंदूरच्या परदेशीपुऱ्यात कुणाचंच काम धड झालं नाही. तसं कापडमिल बंद पडल्यापासून काम उरलं होतं कुणाला म्हणा, पण जे होतं तेही राहिलं. बंडूच्या शेडपुढं टेम्पोतून ती उतरवली आणि बघता बघता गोल धरून माणसं उभी. लोखंडाचे दोन जबडे. खालचा दातेरी, वरचा विंचवाच्या नांगीसारखा वाकलेला, आणि दोघांच्या मध्ये चकचकीत दांड्याचं पंपासारखं एक नळकांडं. कडेला पाटी होती, ती ना हिंदीत ना इंग्रजीत.

"देश खुला झाला ना आता," श्रीकृष्ण म्हणाला. हा मिलचा पाइप-फिटर. "बाहेरचं काहीपण येतं. हे ऊस तोडायचं असणार."

"भिया, ऊस नहीं, ये तो शेर पकडने का है," पोहेवाला म्हणाला. त्याची गाडी तिकडं, गिऱ्हाईक तिकडं, आणि तो इकडं.

"पंजा आहे," बंडू म्हणाला. "ट्रॅक्टरच्या पुढं लागतो. उचलतो आणि धरून ठेवतो."

"काय धरतो?"

"धराल ते."

"आणि लागतो कसा?"

यावर बंडूनं पानवाल्याकडं बघितलं आणि एक पान सांगितलं. म्हणजे ते त्यालाही माहीत नव्हतं, हे मला कळलं.

मी मिलच्या स्टोअरमध्ये क्लार्क होतो. नाव अच्युत, पण मिल गेली तरी लोक मुनीमजीच म्हणतात. आलेली वस्तू काय आहे, कशासाठी आहे आणि तिच्यावर डोळा कुणाचा आहे, हे तीन रकाने भरल्याशिवाय मला जेवण जात नाही. पहिले दोन त्या दिवशी अर्धवट राहिले. तिसरा मात्र लगेच भरला. गर्दीच्या मागं, आपण सहज इकडून चाललो होतो असा चेहरा करून, शंकरराव उभे होते, आणि त्यांची नजर त्या वरच्या जबड्यावरून हलत नव्हती.

शंकरराव म्हणजे बंडूचे सासरे. मागांच्या खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते, आणि मिलच्या झाँकीचे कर्तेधर्ते. अनंत चतुर्दशीला इंदुरात मिलांच्या झाँक्या निघतात. गाड्यांवर उभारलेले पुराणातले देखावे, दिव्यांनी मढवलेले आणि हलते. रावणाची मान फिरायला हवी, हनुमानाचं शेपूट वर जायला हवं, तर लोक टाळी देतात. मिल चालू होती तेव्हा वर्कशॉपातून मोटर यायची, चाकं यायची, पट्टे यायचे. मिल बंद झाली, वर्कशॉपला सील लागलं, आणि मागच्या वर्षी आमची झाँकी निघाली ती निश्चल. राजवाड्यासमोर एक पोरगी बापाच्या खांद्यावरून ओरडली, "पापा, ये वाली बंद पड़ गई क्या?" शंकरराव गाडीच्या बाजूनंच चालत होते. त्यानंतर ते पुढं जे चालले ते मान वर न करता.

यंदा कमिटीनं त्यांना सरळ सांगितलं होतं, झाँकी हलती असेल तर काढू, नाहीतर यंदापासून बंद. मुडदा मिरवायचा नाही. शंकररावांनी 'गजेंद्रमोक्ष' ठरवला होता. हत्ती, त्याचा पाय धरणारी मगर, आणि विष्णूचं चक्र आलं की जबडा उघडणारी मगर. सगळी झाँकी त्या एका जबड्यावर उभी होती, आणि जबडा जावयाच्या दारात पडला होता.

"मग मागा की," मी म्हटलं.

"मुनीमजी, तुमच्यात जावयाकडे हात पसरतात का?"

"आमच्यात पसरत नाहीत. पण आमच्यात कुणाला मगरही लागत नाही."

हे गृहस्थ लेकीच्या, म्हणजे उषाच्या, घरचं पाणी पीत नसत. नातवंड झाल्यावर ही बंदी उठते असं शास्त्र सांगतं, आणि उषाला तर दोन मुलं होती, पण शंकररावांनी बंदी पुढं चालू ठेवली होती. कारण शास्त्राचं नव्हतं. बंद मिलमधले माग उपटून भंगारात काढायचं काम बंडूनं घेतलं होतं. जावयाशी बोलणं बंद करता येत नाही, म्हणून ते कमी झालं होतं. 'या', 'बसा' आणि 'निघतो', एवढंच शिल्लक होतं.

बंडूचं खातंही मी बघून ठेवलं होतं. त्याला पंजा द्यायला अडचण नव्हती. सिमरोल गावच्या पेरूबागेतला छोटा ट्रॅक्टर तो मिलच्या कामाला घेऊन आला होता, त्याला पुढं दोन लोखंडी हात आणि माती उचलायचं टोपलं आधीच होतं. अडचण एवढीच की सासऱ्यानं एकदा तरी तोंड उघडून मागावं, अशी त्याची फार इच्छा होती. सोयरीक ठरताना शंकररावांनी त्याला 'करता काय आपण?' असं विचारलं होतं म्हणे. ते त्याच्या वहीत शंकररावांच्या नावे अजून बाकी होतं.

तिढा उषानं सोडवला. आषाढ त्या वर्षी अधिक आला होता. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं, तेहतीस अनारसे आणि वर दिवा.

"बाबा, तुम्हाला त्यांच्याकडून घ्यायचं नाही ना? मग देऊन या," ती म्हणाली. "अनारसे नकोत, यांना तुपाचं पचत नाही. तो पंजा बसवून द्या. रोज त्याच्याभोवती फिरतात, पण लागत काही नाही. विचारायची लाज, बाकी काय."

"दोघं एकाच माळेचे मणी," मी म्हटलं.

"म्हणून तर माळ माझ्या गळ्यात आहे, मुनीमकाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकरराव श्रीकृष्णाला घेऊन शेडवर हजर. सोबत पाना, हातोडा, आणि घरून आणलेली पाण्याची बाटली. ताटात एक दिवा, एक नारळ.

"जावईबापू, अधिकाचं वाण आहे," म्हणाले. "नाही म्हणू नका."

बंडूनं ताटाकडं बघितलं, मग पान्याकडं. "वाणात पाना असतो हे माहीत नव्हतं, बाबा."

"महिना अधिक आहे. थोडं अधिक असतंच."

पुढचं सगळं आम्ही पोह्याच्या ठेल्यावरून पाहिलं. टोपलं काढलं. लोखंडी हातांच्या पिना पंजाच्या भोकांत घातल्या, तर भोकं मोठी आणि पिना डुगडुगल्या. लेथवाल्या खराद्याकडून आत बसायला कड्या करून आणल्या. मग खरी मजा सुरू झाली. हात वर-खाली करायला ट्रॅक्टरच्या तेलाची वाट होती, पण जबडा उघडायला-मिटायला वेगळी वाट हवी. श्रीकृष्णानं ट्रॅक्टरच्या तेलपंपाकडून फाटा काढला, सीटच्या बाजूला एक लिव्हर बसवला आणि तिथून दोन काळे पाइप जबड्यापर्यंत नेले. एकातून तेल गेलं की जबडा मिटतो, दुसऱ्यातून गेलं की उघडतो.

"आणि दोन्हींतून गेलं तर?" पोहेवाल्यानं विचारलं.

"मग तुझ्या कढईत जातं. मागं सर."

इंजिन चालू केलं. जबडा थरथरला, अडकला, उचकी लागल्यासारखा थांबला. श्रीकृष्ण म्हणाला, पाइपात हवा आहे, चार वेळा उघड-मीट केलं की निघेल. पाइप गळतो का ते बघायला पोहेवाल्यानं बोट पुढं केलं, तर श्रीकृष्णानं त्याच्या मनगटावर फटका दिला आणि पाइपाखाली पुठ्ठा धरला. दाबातलं तेल सुईसारखं कातडीत शिरतं, म्हणाला. पुठ्ठा कोरडा राहिला. उचक्या थांबल्या. बंडूनं लिव्हर ओढला, जबडा उघडला. ढकलला, मिटला. तो हसायला लागला. मग पुन्हा ओढला, पुन्हा ढकलला. चाळिशीतला माणूस, पण खुळखुळा मिळाल्यागत.

पहिलं वजन म्हणून बाभळीचा ओंडका धरला. धरला झकास, पण उचलताच ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीवरून सुटली. ट्रॅक्टर नाकावर. आम्ही ठेला सोडून धावलो आणि सगळे मागच्या बाजूला लोंबकळलो, तेव्हा चाकं टेकली.

"रोज इतकी माणसं कुठून आणू?" बंडू म्हणाला.

शंकरराव गेले आणि भंगाराच्या ढिगातून मागाची बिडाची वजनं उचलून घेऊन आले. त्यांनी ती ट्रॅक्टरच्या मागं टांगली. मिलवाले मागाला सांचा म्हणतात. "सांच्याला मागं वजन असल्याशिवाय पुढं ताणा बसत नाही. तीस वर्षं हेच केलं."

"बाबा, ती वजनं माझ्या भंगारातली आहेत."

"असतील. सांचा माझा होता."

बंडू पुन्हा सीटवर चढला. ओंडका या वेळी सुरेख उचलला गेला. शंकररावांनी आपल्या बाटलीतलं पाणी प्यायलं, 'निघतो' म्हणाले आणि निघाले. मगरीबद्दल अवाक्षर नाही. बंडूनंही विचारलं नाही.

श्रावण गेला. बंडू पंजानं माग उपटत राहिला. शंकरराव मिलच्या फाटकाजवळच्या मांडवात हत्ती उभारत राहिले. बांबू, कामट्या, गोणपाट, कागदाचा लगदा. मिलच्या फाटकानं बंडू रोज ट्रॅक्टर घेऊन आत जायचा आणि मांडवापाशी आपोआप वेग कमी करायचा. हत्ती पुरा झाला. त्याच्या मागच्या पायाशी भली मोठी जागा रिकामी होती.

"मगर कुठंय?" कमिटीवाले विचारायचे.

"येईल," शंकरराव म्हणायचे.

"कुठून?"

"नदीतून."

गणपती बसले, गौरी आल्या, गौरी गेल्या. नदीतून कोणी येईना. कमिटीत कुजबूज सुरू झाली. शंकररावांचं जेवण कमी झालंय, असं उषा सांगून गेली, आणि तेच तिनं घरीही सांगितलं असणार.

तरी मी म्हणेन की बंडू आला तो दयेनं नाही, खाजेनं. एक दिवस दुपारी त्यानं मांडवासमोर ट्रॅक्टर थांबवला, उतरला, हत्तीच्या पायाला कवेत घेऊन बघितलं आणि स्वतःशीच म्हणाला, "ओंडक्याहून जाड नाही. पण हे तर कागदाचं. धरेल, की चुरा करेल?"

"कोण?" शंकररावांनी विचारलं. चेहरा कोरा.

"नाही, सहज. बघायला पाहिजे."

"बघा की. कोण नको म्हणतं?"

त्यानं ट्रॅक्टर आत घेतला, तो रिकाम्या जागेत बरोब्बर बसला, आणि दोघांनीही 'सहज' असल्याचा जो अभिनय केला तो झाँकीत ठेवायच्या लायकीचा होता. दोन दिवसांत ट्रॅक्टरवर कामट्यांची पाठ चढली, पंजावर दात आणि हिरवा रंग. ट्रॅक्टर हत्तीच्या गाडीमागून चालणार. आतून बंडूला फक्त समोरच्या रस्त्याची पट्टी दिसायची, जबडा दिसायचा नाही. तेव्हा स्टिअरिंग त्यानं धरायचं आणि बाजूच्या पायरीवर उभं राहून लिव्हर शंकररावांनी. श्रीकृष्ण विष्णूच्या मागं बसून सायकलच्या पायडलनं सुदर्शन चक्र फिरवणार. नावाला शोभेसं काम त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं.

चतुर्दशीला दोन दिवस असताना तालीम झाली. लिव्हर ढकलला, मगरीनं पाय अलगद धरला. वा! चक्र फिरत पुढं आलं. तेवढ्यात हत्तीच्या आत कुठंतरी एक कामटी कडकन वाजली.

मागावर धागा तुटला की जॉबरचा हात विचार करत नाही. दांड्यावर जातो, दांडा पुढं ढकलतो, सांचा थांबतो. तीस वर्षांचा हात. शंकररावांनी थांबवायला म्हणून लिव्हर ढकलला. मगरीनं आणखी जोरात धरलं. म्हणून त्यांनी आणखी ढकलला. हत्तीचा पाय करकरत गुडघ्यापाशी पापडासारखा मोडला.

कमिटीतला एक जण "हो गया मोक्ष" म्हणाला. कोणी हसलं नाही.

पाय पुन्हा बांधला, वाळत ठेवला. शंकरराव रिकाम्या लिव्हरवर सराव करायला बसले. उघडायला ओढायचा, ओढायचा, ओढायचा. दर खेपेला नीट ओढत. मग बंडू मागून कागदाची पिशवी फोडायचा, फट्! आणि हात पुढंच जायचा.

"बंडोपंत," ते म्हणाले. 'जावईबापू' म्हणायचं विसरले होते. "हा हात आता शिकायचा नाही. लिव्हर दुसऱ्या कुणाला द्या. झाँकी चालली पाहिजे, मी नाही दिसलो तरी चालेल."

हे वाक्य मी मनात लिहून ठेवलं. शंकररावांकडून असलं काही निघेल असा अंदाज माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हता.

बंडू ट्रॅक्टरवर चढला. इंजिन बंद केलं. लिव्हर दोन्हीकडं हलवून पाइपांतला दाब सोडला, मगरीच्या जबड्याखाली उताणा शिरला आणि पाना मागितला. दोन पाइपांची टोकं खोलली, याचं टोक त्याच्या जागी, त्याचं याच्या जागी. बाहेर आला तेव्हा शर्टावर तेलाचे डाग. इंजिन पुन्हा चालू केलं.

"आता ढकला."

शंकररावांनी ढकललं. जबडा उघडला.

"आता ढकललं की उघडणार, ओढलं की धरणार. घाबरलात तरी उघडेलच. घाबरा बिनधास्त."

"आणि तुमचा हात? झाँकी झाली की पुन्हा पंजानं माग उपटायचे आहेत. तुम्हाला उलट्याची सवय."

"मी शिकेन. माझा हात अजून कच्चा आहे," बंडू म्हणाला, आणि फटकन पिशवी फोडली. हात पुढं गेला. मगरीनं तोंड वासलं. पोहेवाल्यानं टाळी दिली.

चतुर्दशीच्या दिवशी दिवेलागणीला आमची झाँकी फाटकाबाहेर आली. पहिला थांबा तिथंच, आपल्या माणसांपुढं, आणि आपल्या माणसांइतकं निर्दय पब्लिक नाही. मागच्या वर्षी त्यांनीच तोंडं फिरवली होती. बँड थांबला. मगरीनं पाय धरला. आतल्या पोरानं दोरी ओढली, हत्तीनं सोंड वर केली. श्रीकृष्णानं पायडल मारलं, चक्र लखलखत पुढं सरकलं, आणि त्याच क्षणी एका दिव्याचा बल्ब फुटला, फट्!

शंकररावांचा हात पुढं गेला.

जबडा उघडला. असा सावकाश, असा रुंद, जणू मगरीलाच वाटलं की पुरे झालं आता. पाय शाबूत. गर्दीतून जो आवाज उठला त्यात शिट्ट्या होत्या, 'गणपती बाप्पा' होतं, आणि एका म्हातारीचं "अगं बाई, हलली!" होतं. कमिटीवाले एकमेकांना मिठ्या मारत होते, कल्पना सगळ्यांचीच असल्यासारखे.

गाडी हलायला अवकाश होता, म्हणून बंडूनं इंजिन बंद केलं. उषा ट्रॅक्टरपाशी पाण्याचा तांब्या घेऊन आली. बंडूनं कामट्यांतून हात काढून घेतला, अर्धा प्यायला आणि उरलेला पायरीकडं धरला. शंकररावांनी घेतला. उषानं माझ्याकडं बघितलं, मी दुसरीकडं.

"पुढच्या वर्षी," शंकरराव तोंड पुसत म्हणाले, "पुढच्या वर्षी पंजा लागेल."

"सांगताय, का मागताय?" कामट्यांच्या आतून आवाज आला.

बँडवाल्यांनी सूर जुळवायला घेतला होता. शंकररावांनी लिव्हरवरचा हात एकदा काढला, पुन्हा ठेवला.

"मागतोय."

आत किल्ली फिरली. मग इंजिन सुरू झालं.

"मग पाइप असेच राहू देतो," बंडू म्हणाला.