अनामिकेवरचा मध

रविवारी सकाळी नऊ वाजताच बुवापाड्यातला बंद पडलेल्या कारखान्याचा पत्र्याचा गाळा खच्चून भरला होता. बाहेर चपलांचा ढीग, आत अगरबत्तीचा धूर, आणि दोन बाकड्यांवर भगवी चादर अंथरून त्यावर श्री श्री निर्वेदनानंद महाराज. लोक त्यांना सुई महाराज म्हणत, कारण ते बोटाला सुई टोचत आणि टोचलेलं कळतही नसे. एवढंच असतं तर कोणाची काही तक्रार नव्हती. पण महाराजांनी टोचलं की दहा मिनिटांत शुगर निम्म्यावर येई, आणि ती मशीनवर दिसे. मशीन कशाला खोटं बोलेल?

"ना दर्द, ना दवा, फक्त मधाचा गोडवा!" महाराज गरजले. "मधुमेह म्हणजे काय? शरीरातला मध रुसलाय! त्याला मधानंच मनवायचं. अनामिका पुढे करा. देवाला गंध लावता त्या बोटाची पावर डॉक्टरला काय कळणार?"

पद्धत ठरलेली. उजव्या हाताची अनामिका मधाच्या वाटीत बुडवायची आणि चाटायची. लगेच कल्पेश नावाचा शिष्य त्याच बोटाला टोचून पहिला आकडा ओरडून सांगणार. मग कोमट तीर्थात सात वेळा हात धुवायचा, डोळे मिटायचे आणि महाराज स्वतः टोचणार. तो दुसरा आकडा.

सखू रांगेत उभी होती ती शेजारच्या इंदुबाईपायी. दोघी उल्हासनगरहून येणाऱ्या जीन्स पँटींचे धागे घरी बसून कापत, आणि दोघींना शुगर. दिवसभर बोटांच्या टोकांवर काम, त्यात त्याच बोटांना रोज टोचायचं. दुखरं बोट कात्रीला लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून इंदुबाई महाराजांवर भाळली, ते समजण्यासारखं होतं. पण महाराजांच्या शब्दावर तिनं दोन आठवडे इन्सुलिन बंद केलं होतं, आणि तिच्या पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरत नव्हती. सखूच्या जिवाला घोर लागला होता तो त्या अंगठ्याचा.

"इंदुबाई, चारशे बहात्तर!" कल्पेश ओरडला. हात धुतले, महाराजांनी टोचलं. "दोनशे साठ!" गाळ्यात एकच जयजयकार झाला.

मग सखूचा नंबर आला. आदल्या दिवशी कात्री लागल्यामुळे तिच्या उजव्या अनामिकेला पट्टी होती. तिनं डावं बोट पुढे केलं, तसा कल्पेश खेकसला, "ओ मावशी, डाव्या हातानं प्रसाद घेतात काय? तोंड उघडा!" त्यानं चमच्यानं मध थेट जिभेवर सोडला आणि डाव्या बोटाला टोचलं. एकशे अठ्ठ्याऐंशी. हात धुवून, महाराजांनी टोचून, एकशे चौऱ्याऐंशी.

गाळ्यात कुजबुज सुरू झाली. महाराजांनी भुवया चढवल्या. "हिच्या मनात किंतु आहे! किंतु असला की मध लागू पडत नाही."

माणसं सखूकडे अशी बघायला लागली की जणू तिनं देव्हाऱ्यात चप्पल घातली. इंदुबाईसुद्धा चार पावलं लांब सरकली. सखूच्या अंगाचा तिळपापड झाला. पण हातावर पोट असलेली बाई दुसऱ्याचे हात नीट बघते. महाराजांनी दर वेळी नवी सुई घेतली होती, आणि टोचली होती बोटाच्या कडेला, मधोमध नाही. आणि खरंच दुखलं नव्हतं. हे तिनं मनात टिपून ठेवलं.

घरी येऊन तिनं पुतण्या भावेशनं आणून दिलेलं मशीन काढलं. तिच्यात आणि इंदुबाईत फरक काय? श्रद्धा? ती मशीनला कुठून दिसणार? फरक एकच होता. इंदुबाईच्या बोटाला मध लागला होता, तिच्या नाही.

तिनं हात स्वच्छ धुवून, पुसून टोचलं. एकशे एकोणऐंशी. मग दुसरं बोट मधात बुडवलं, चाटलं, वाळू दिलं आणि टोचलं. चारशे एकतीस! पुन्हा हात धुतला, एकशे ब्याऐंशी. मशीन खोटं बोलत नव्हतं. पण थेंबभर रक्तात बोटावरचा मध मिसळला की ते बिचारं मधाचीही साखर मोजत होतं.

नगरपालिकेच्या दवाखान्यातल्या मीनल सिस्टरनं ऐकून कपाळावर हात मारला. "आणि न दुखण्याचं म्हणशील तर त्यात मंत्र कसला? बोटाच्या कडेला कमी दुखतं. कोमट पाण्यानं रक्त पटकन येतं, पिळावं लागत नाही. सुई किती खोल जाते ते ठरवणारा टोचणीचा काटा पाचवर असेल तर दोनवर आण. आणि सुई दर वेळी नवी. तुझी किती दिवसांची आहे?"

"दिवाळीपासूनची," सखू ओशाळून म्हणाली.

"कात्री चालवशील दिवाळीपासून धार न लावता?"

सखूनं हे सगळं इंदुबाईला सांगितलं. इंदुबाई फणकारली, "तुझी उतरली नाही म्हणून जळतेस तू!" आणि दार लावून घेतलं.

ठीक आहे, सखू म्हणाली. रविवार येतोच आहे.

रविवारी महाराजांनी रिवाजाप्रमाणे आधी स्वतःची अनामिका मधात बुडवून चाटली. "माझ्या रक्तात साखर नाही, साक्षात तीर्थ आहे तीर्थ!" ते म्हणाले.

सखू आपलं मशीन घेऊन थेट पुढे गेली. "मग एकदा दाखवा ना महाराज. लोकांची श्रद्धा वाढेल."

"दाखवा, दाखवा!" गर्दीतून आवाज आले. नाही म्हणायची सोय राहिली नाही. महाराजांनी हसत डावा हात पुढे केला.

"डाव्या हातानं देवाचं काम?" सखू कल्पेशकडे बघत म्हणाली. "उजवा द्या. अनामिका."

तिनं ते बोट धरलं आणि नवी सुई उघडली. महाराजांनी हात झटकन ओढून घेतला.

"अगं बये, थांब! मधाचं बोट आहे ते, आधी धुवायला नको? आकडा चुकीचा येईल!"

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. कल्पेशनं मान खाली घातली.

"हेच ऐकायचं होतं," सखू चढ्या आवाजात म्हणाली. "तुमचं बोट धुवायचं, आणि आमचं? आम्हाला आधी मध चाटवून मोजता, मग धुवून मोजता. उतरते ती शुगर नाही, बोटावरचा मध उतरतो! आता काढा माझ्या मनातला किंतु!"

"नास्तिक! हिला बाहेर काढा!" महाराज किंचाळले. कोणी हललं नाही.

हलली ती इंदुबाई. लंगडत पुढे आली, तीर्थाच्या बादलीत हात घालून खसाखसा धुतला, पदराला पुसला. "माझं बघ सखू. मध न लावता."

सखूनं कडेला टोचलं. आकडा आला तीनशे अडतीस.

तेव्हा इंदुबाईला उमगलं. दुसरा आकडा हाच दर वेळी खरा होता. पहिल्या रविवारी दोनशे दहा, मग दोनशे चाळीस, मग दोनशे साठ. जयजयकार करताना शुगर वाढत चालली होती आणि ती टाळ्या वाजवत होती. तिनं सखूचा हात घट्ट धरला. "माझा पाय गं," एवढंच म्हणाली.

सखूनं तिला तिथूनच रिक्षात घातलं आणि हॉस्पिटल गाठलं. इन्सुलिन पुन्हा सुरू झालं. अंगठा वाचला, पण डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा दिवस गेले असते तर सांगता येत नव्हतं. सखूनं पोलिसांत तक्रार लिहून दिली, आणि खाली पहिली सही इंदुबाईची होती.

आता बुवापाड्यातल्या बायका बोटाच्या कडेलाच टोचतात, कोमट पाण्यानं हात धुवून, कोरडा करून, दर वेळी नव्या सुईनं, आणि एकीची सुई दुसरीला देत नाहीत. न दुखण्याची विद्या महाराजांच्या बापाची नव्हती, ती आपलीच होती आणि दवाखान्यात फुकट मिळत होती. विचारलं नव्हतं एवढंच. तेव्हा बाबांनो, औषध बंद करायला सांगणारा कोणीही येवो, आधी डॉक्टरला विचारा. आणि कोणी चमत्काराचा आकडा दाखवला, तर त्याच्या पाया पडण्याआधी भर गर्दीत उभं राहून एवढंच विचारा, की मोजण्याआधी हात धुतला होता का?