डब्यातलं तुळशीचं पान

मित्रांनो, फळीवरच्या या कोपऱ्यात तुमची नजर माझ्यावर पडणार नाही. मी एक जुना, दोन कप्प्यांचा पितळी डबा आहे. इस्लामपुरातल्या तांबटानं मला ठोकून घडवलं, कल्हईवाल्यानं आतून चांदीसारखं उजळलं. लीलाबाईनं घरी आणल्यावर मला आधी देवापुढं ठेवलं. माझ्यातला पहिला घास नैवेद्याचा होता.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. लीलाबाईचा मानसिंग साताऱ्याला कॉलेजात शिकायला गेला आणि तिथं दारूच्या नादी लागला. कॉलेजनं नाव काढून टाकलं. घरी येऊन त्यानं तुळशीपुढं हात जोडले आणि दारू सोडली. अंग थरथरायचं, घास उतरायचा नाही. पण वर्षभर तो दारूला शिवला नाही. "आये, मला शिकायचंय गं," एवढंच म्हणायचा.

मग त्याला सांभाळून घेईल असं कॉलेज शोधत आम्ही हिंडलो. मायलेक दारोदार बोलायची, मी भाकरी सांभाळायचो. साताऱ्याला कुणी बसासुद्धा म्हटलं नाही. सांगलीला, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात, लीलाबाईनं पदर सावरून सगळं खरं सांगितलं.

"आवं सर, ह्यो प्यायचा. आता सोडलीया. बोर्डिंगात ठिवून जरा नजर ठेवा. एकला पडला की मन खातंय त्येचं."

"बाई, हे कॉलेज आहे, दवाखाना नव्हे."

"दवाखान्यात गेलो तर डाक्टर म्हणत्यात, आता आजार न्हाई, कॉलेजात घाला."

वर्गात बसायची परवानगी मिळाली, बोर्डिंग मिळालं नाही. बाहेर आल्यावर मानसिंग कळवळून म्हणाला, "आये, कशाला सांगितलंस गं?"

"मग गुरूच्या दारात खोटं बोलून बसवू व्हय तुला?"

त्यानं भाड्याची खोली घेतली आणि मी रोज एस.टी.नं सांगलीला जाऊ लागलो. केरू कंडक्टर मला आपल्या सीटखाली ठेवायचा. रिकामा डबा घरी पाठवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मानसिंग मला धुऊन आत खोलीच्या दारातल्या तुळशीचं एक पान टाकायचा. आज शिवलो नाही, असा त्याचा निरोप. पान पाहिल्याशिवाय लीलाबाई संध्याकाळी जेवायची नाही. केरू हसायचा, "मावशी, पोटापायी तरी गाडी येळंवर आणावी लागतीया बगा तुमच्या!" माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस.

पण ऑफिसात सांगितलेलं खरं कॉलेजभर झालं. स्टँडवर पोरं मला हिसकावून घ्यायची. "काय रं गड्या, आमटी हाय का पहिल्या धारंची?" झाकण उघडून एकेक जण वास घ्यायचा आणि सगळे खिदळायचे. मानसिंगच्या डब्यात कुणी हात घालत नसे. तो भिंतीकडं तोंड करून जेवायचा.

एका संध्याकाळी मी रिकामा घरी आलो. मित्रांनो, तुळस दारातच होती. पान खुडून टाकलं असतं तर कुणाला कळलं असतं? त्यानं टाकलं नाही. तो आईचाच लेक होता.

लीलाबाईनं माझ्या आत बोट फिरवून पाहिलं. ती रागावली नाही, जेवलीही नाही. दुसऱ्या दिवशी तिनं भाकरीवर त्याची आवडती शेंगदाण्याची चटणी घातली आणि त्यावर आपल्या हातानं एक पान ठेवलं.

मी भरलेलाच परत आलो. पान काळं पडलं होतं. "मावशी, पोरगं आलंच न्हाई वो," एवढं बोलून केरूनं मला तिच्या हातात दिलं.

ती सांगलीला गेली. खोलीला कुलूप होतं. कॉलेजात तेच सर म्हणाले, "हे होणार, हे आम्हाला माहीत होतं."

"म्हाईत हुतं," लीलाबाई हळूच म्हणाली, "तर धरलं का न्हाई वो?"

मानसिंग पुन्हा कुणाला दिसला नाही.

आता माझी कल्हई गेली आहे. माझ्यात ठेवलेलं कळकतं, पितळेनं खराब होतं. पण मित्रांनो, कल्हई गेली म्हणून भांडं कुणी उकिरड्यावर टाकत नाही. ती पुन्हा पुन्हा लावावी लागते. तुमच्या वर्गात असा कुणी आला, तर त्याच्या डब्याचा वास घेऊ नका. त्याच्याजवळ बसून एक घास खा.

संध्याकाळची गाडी फाट्यावर वाजली की लीलाबाई अजून मला खाली काढते. झाकण उघडते, आत पाहते आणि पुन्हा लावते. रात्रीचं जेवण तिनं तेव्हापासून सोडलं आहे.